बेचाळीस नग आणि एक पुडी

छापखान्यात सगळे त्यांना स्वल्पविराम म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी तिथे प्रुफं वाचली, दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलीने पकडल्या. पण नाव पडलं ते त्यामुळे नव्हे. बोलता बोलता ते मध्येच थांबत, छताकडे बघत, हवा तो शब्द सापडला की मगच पुढे जात. एकदा कुणीतरी विचारलं, "साहेब आले का?" हे म्हणाले, "अजून नाही, पण..." आणि थांबले. ते इतके थांबले की तोवर साहेब येऊन, खुर्चीत बसून, परत घरीही गेले. ही गोष्ट छापखाना बंद पडेपर्यंत सांगितली जात होती.

घरी मात्र ते छोटू होते. सहासष्टाव्या वर्षीही छोटूच, कारण घरात हाक मारणारं एकच माणूस होतं आणि ती होती त्यांची ताई, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. वडिलांचा पत्ता त्याआधीपासूनच नव्हता. काही वर्षं मावशीकडे काढली, आणि शिवणात हात बसल्याबरोबर अठरा वर्षांच्या ताईने दहा वर्षांच्या भावाला घेऊन वेगळी खोली केली. पुढे तिने कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, फाटलेल्या कोपरांना ठिगळं लावणं. लग्नाचं दोघांचंही राहूनच गेलं. ताई म्हणे, "आधी याचं होऊ दे," आणि ते म्हणत, "आधी ताईचं." अशा एकमेकांना वाट करून देण्यात दोघंही दारातच उभी राहिली.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत जे काही ठोकायचं, पिळायचं, बसवायचं असेल ते ताई करायची. नळाचा वॉशर तीच बदलायची, फ्यूजची तार तीच घालायची. छोटूच्या हातात हातोडी म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, असं तिचं ठाम मत होतं. त्यांनी आयुष्यात एकदाच खिळा मारला होता, कॅलेंडरसाठी. तो भिंतीऐवजी कॅलेंडरवरच्या तारखांत घुसला आणि त्या महिन्याला एक गुरुवार कमी पडला, असं ती पाहुण्यांना सांगायची.

मग ताईच्या कानात आतल्या बाजूला काहीतरी बिघडलं आणि तिचा तोल जाऊ लागला. उठताना ती कपाट धरायची, वळताना टेबल. डॉक्टर म्हणाले, "न्हाणीघरात भिंतीला आधाराचा दांडा लावून घ्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पडणं परवडायचं नाही."

स्वल्पविराम त्याच संध्याकाळी दांडा घेऊन आले. चकचकीत स्टीलचा, हातभर लांब. लावायचा कुणी? गल्लीतला वायरमन दहा दिवस बाहेरगावी गेला होता. थांबता आलं असतं. पुढे हे वाक्य त्यांनी मनाशी किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. पण त्या दिवशी त्यांना वेगळंच काही आठवलं. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी प्रत्येकाला निरोपाची भेट म्हणून एकेक बॅटरीवर चालणारं ड्रिल दिलं होतं. प्रुफं वाचणाऱ्याला ड्रिल का, हे कुणी विचारलं नाही. मालकांना तो माल कुठूनतरी घाऊक मिळाला होता. तीन वर्षं ती पेटी पलंगाखाली धूळ खात पडली होती.

"आयुष्यभर तू केलंस," ते ताईला म्हणाले. "हे एक मी करतो."

ताईने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "भिंत आपली नाही रे, घरमालकाची आहे. जपून."

रविवारी सकाळी पलंगावर जुनी चादर अंथरून त्यांनी पेटी उघडली. ड्रिल कळत होतं, पिस्तुलासारखं. बॅटरी कळत होती, चार्जर कळत होता. पण बाकीच्या खणांत जे काही होतं ते पाहून त्यांचा एक लांबलचक स्वल्पविराम झाला. काळ्या पिळाच्या सळया, टोकाला काटा असलेल्या सळया, टोक चपटं असलेल्या सळया. बोटाच्या पेराएवढे लोखंडी तुकडे, कुणाच्या टोकाला चांदणी, कुणाच्या फुली. दात असलेल्या गोल वाट्या, एकात एक बसवलेल्या. हवी तशी वाकणारी एक लांब लोखंडी शेपटी. एक जादा मूठ. एक पट्टी.

सोबतची माहितीपुस्तिका मुंगीच्या अक्षरात सहा भाषांत होती आणि सहाही भाषांत चुकीची होती. स्वल्पविरामांनी आधी लाल पेन्सिल घेतली आणि आपल्याला येत होत्या तेवढ्या भाषांतल्या चुका दुरुस्त केल्या. त्यात अर्धा तास गेला.

"अरे, भोक पाडायचंय की परीक्षेला बसायचंय?" ताईने पलंगाच्या कडेला बसत विचारलं.

"चुकीचं वाचून काम केलं तर..." ते थांबले.

"तर काय?"

"तर काम चुकीचं होतं."

ताई हसली आणि एकेक वस्तू उचलून बघू लागली. दातांच्या वाट्या तिने एकावर एक रचल्या. "हे मुकुट कुठल्या राजाचे?" त्यांनी पुस्तिकेत शोधून सांगितलं, मोठं गोल भोक पाडायचं असेल तर. वाकणाऱ्या शेपटीला ती उंदीर म्हणाली. ती होती अडचणीच्या जागी पोचण्यासाठी. पट्टी कशाची हे त्यांना काही केल्या लागेना. तेव्हा तिनेच ती जादा मुठीच्या भोकात सरकवून दाखवली. "किती खोल जायचं ते आधी ठरवायचं. मशीनवर शिवताना मी पट्टी लावते ना, तसंच. तिथवर आलं की थांब."

लोखंडी तुकडे अडकवायची एक दांडी होती आणि तिच्या तोंडाशी लोहचुंबक होतं. ताईने ती सहज खाली धरली तर फरशीच्या फटीतून टाचणी टुणकन उडून तिला चिकटली. ताईचं तोंड लहान मुलीसारखं उजळलं. पलंगाखाली, मशीनखाली, कपाटाखाली दांडी फिरवून तिने अकरा टाचण्या आणि एक सुई गोळा केली. "हे मला चाळीस वर्षांपूर्वी कुणी का नाही दिलं? माझे गुडघे वाचले असते की!"

त्या रविवारी दोघं जितकी हसली तितकी गेल्या कित्येक वर्षांत हसली नव्हती.

शेवटी स्वल्पविरामांनी यादीवर खुणा केल्या. यादीत बेचाळीस नग होते आणि चादरीवर बेचाळीस नग होते. त्यांनी दोनदा मोजले. आणि तरीही एक पुडी उरली. पारदर्शक पिशवीत करड्या प्लास्टिकचे आठ लहान खुंटे, अंगावर दाते, मधून चिरलेले.

"हे कशाचं?" ताईने विचारलं.

"यादीत नाही. पॅकिंगचं असेल. आतल्या वस्तू हलू नयेत म्हणून घालतात."

"पॅकिंगला कुणी असे दाते पाडतं का?"

"ताई, यादी चुकीची असती तर मला कळलं असतं."

ताईने पुडी बोटांत फिरवून पाहिली. एरवी ती असल्या बाबतीत कुणाचं ऐकणारी नव्हती. पण घरातली एखादी वस्तू छोटू तिला समजावून सांगतोय, असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं. तिने पुढे ताणलं नाही. "राहू दे, लागेल कशाला तरी," म्हणत तिने ती पुडी आपल्या बटणांच्या डब्यात टाकली.

मग न्हाणीघर. ताई दारात स्टुलावर बसली. त्यांनी आधी काट्याची सळई लावली, कारण ती सगळ्यांत टोकदार दिसत होती. धूर निघाला, भिंतीला नुसता ओरखडा उठला आणि काटा बोथट झाला. "चपट्या टोकाची घे," ताई म्हणाली. "अणकुचीदार सुई जाड कापडात मोडते." चपट्या टोकाची सळई लावली, हातोडीचं चित्र असलेल्या खुणेवर कडं फिरवलं, आणि ड्रिल घरघरत भिंतीत शिरलं. चार भोकं पडली. त्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या. "म्हातारा झालास रे छोटू," ताई म्हणाली आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं.

पण स्क्रू भोकात नुसते फिरत होते. धरत नव्हते. स्वल्पविरामांना आठवलं, छापखान्यात टेबलाचा पाय निखळला की फोरमन स्क्रूच्या भोकात काडेपेटीतल्या काड्या कोंबायचा. त्यांनी तसंच केलं. काड्या मोडून ठासून भरल्या आणि स्क्रू पिळले. आता गच्च बसले. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी ओढला, जवळजवळ लोंबकळले. हलला नाही.

ताई उठली, दांडा धरून उभी राहिली, सोडला, परत धरला. "वा रे माझ्या मिस्त्री!"

पुढचे दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला न्हाणीघर बघावं लागलं. वरच्या मजल्यावर निवृत्त परिचारिका राहायच्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्यांना तर ताईने दोनदा नेलं. "आमच्या छोटूने बसवलाय," ती म्हणायची. "एकट्याने. मी नुसती बसून होते."

सतरा दिवस दांडा राहिला. अठराव्या दिवशी सकाळी स्वल्पविराम गॅसवर दूध ठेवत होते. आधी धातूचा आवाज आला, मग दुसरा, जड. ते धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई ओल्या फरशीवर कुशीवर पडली होती, एक पाय विचित्र वळलेला. दांडा तिच्या शेजारी होता. भिंतीतली भोकं उघडी होती आणि त्यांतून ओल्या, काळपट पडलेल्या काड्या बाहेर लोंबत होत्या.

"ताई!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ घट्ट मिटून तिने श्वास घेतला. पहिलं वाक्य ती बोलली ते असं, "छोटू, तो दांडा उचल आणि पलंगाखाली टाक."

"ताई, मी सिस्टरना..."

"आधी दांडा. मग सिस्टर. आणि कुणाला काही सांगायचं नाही. माझा पाय घसरला."

त्यांनी ऐकलं. साठ वर्षं तिचंच ऐकत आले होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, बरं झालं असंही डॉक्टर म्हणाले. पण ताई उठून बसेना. आठवड्याभरात छातीत कफ भरला. डॉक्टरांनी कशा पडल्या असं विचारलं तेव्हा ती पापणीही न हलवता म्हणाली, "साबण." शेजारी उभ्या असलेल्या स्वल्पविरामांनी तोंड उघडलं. तिने चादरीखालून त्यांचा हात असा दाबला की शब्द घशातच राहिला.

एका दुपारी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी विचारलं, "ताई, आधी दांडा निघाला की आधी तुझा तोल गेला?"

ती बराच वेळ खिडकीकडे बघत होती. आता थांबण्याची पाळी तिची होती.

"आधी तोल," ती म्हणाली. "मी पडतच होते. दांडा नंतर हातात आला."

"खरं?"

"छोटू, मी तुझ्याशी कधी खोटं बोललेय?"

बोलली नव्हती. पण डॉक्टरांशी ती किती सफाईने बोलली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी मान हलवली. तिने त्यांच्या शर्टाकडे बोट दाखवलं. "वरचं बटण सुटत आलंय. सुई असती तर आत्ता लावून दिलं असतं." तेविसाव्या दिवशी सकाळी ती गेली. ते बटण त्यांच्या शर्टावर एका धाग्याला तसंच लटकत होतं.

पुढचा महिना त्यांनी कसा काढला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ते बादली बाहेर मोरीत घेऊन तिथेच आंघोळ करत. न्हाणीघराचं दार त्यांनी ओढून घेतलं होतं. एक दिवस मात्र त्यांनी दांडा पलंगाखालून काढला, चार स्क्रू रुमालात बांधले आणि वायरमनच्या दुकानात गेले.

"हा न्हाणीघरात लावायचा असेल तर कसा लावतात?" त्यांनी विचारलं.

वायरमन पंखा उघडून बसला होता. हात पुसत त्याने स्क्रू पाहिले. "भोक पाडायचं, गिट्टी घालायची, स्क्रू पिळायचा. एवढंच काका."

"गिट्टी म्हणजे..."

वायरमनने डब्यातून एक काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. करड्या प्लास्टिकचा लहान खुंटा, अंगावर दाते, मधून चिरलेला. "स्क्रू आत गेला की ही फुगते आणि भिंतीला घट्ट धरते. हिच्याशिवाय स्क्रू सिमेंटमध्ये राहायचा नाही."

"आणि काडेपेटीच्या काड्या घातल्या तर?"

"न्हाणीघरात? अहो काका, काडी पाणी पिते. आधी फुगते, बरं वाटतं, मग कुजते. दोनतीन आठवड्यांत सगळं हातात..." वायरमनचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. मग त्यांच्या हातातल्या दांड्याकडे. त्याला ताईंचं कळलेलं होतं, गल्लीत सगळ्यांनाच कळलं होतं. तो उगाचच पंख्याचं पातं पुसू लागला. "तसं काही नसतं काका," तो जरा वेळाने म्हणाला. "पडायचा तो माणूस पडतोच."

घरी येऊन त्यांनी बटणांचा डबा उघडला. पुडी वरच होती. चष्मा काढून, अगदी डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पिशवीवरची चिकटपट्टी वाचली. खसखशीएवढ्या अक्षरांत दोन शब्द होते. 'सोबत मोफत.' म्हणून ती यादीत नव्हती. यादी बरोबर होती. चौतीस वर्षं लोकांच्या चुका शोधणारा माणूस पिशवीवरचे दोन शब्द वाचायचे विसरला होता. ते पलंगाच्या कडेला बसले आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडले. आई गेली तेव्हा गप्प करायला ताई होती.

दुसऱ्या दिवशी ते वर सिस्टरकडे गेले. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी एकदाही न थांबता. छापखान्यातलं कुणी असतं तर चकित झालं असतं.

सिस्टरनी ऐकून घेतलं. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"त्यांना उचलायला मीच आले होते ना. भिंतीत चार भोकं समोर दिसत होती. काड्या लोंबत होत्या. ताई माझा हात धरून म्हणाल्या, सिस्टर, तुम्हाला काही दिसलेलं नाही."

"आणि तुम्ही..."

"मी म्हटलं, नाही दिसलं." "त्यांना दुखत होतं ते पायाचं नव्हतं. तुम्ही स्वतःला खात बसाल याची धास्ती होती त्यांना."

"आधी दांडा निघाला की आधी तोल गेला?"

"मी तिथे नव्हते हो."

"तिने तुम्हाला काही..."

"नाही. आणि सांगितलं असतं तरी तुम्ही विश्वास ठेवला असतात का?"

यावर ते खूप वेळ छताकडे पाहत राहिले. शब्द सापडला नाही.

सिस्टरनी त्यांना क्षमा केली नाही आणि दोषही दिला नाही. त्यांचा तो अधिकारच नव्हता, हे दोघांनाही समजत होतं. त्या फक्त म्हणाल्या, "उद्यापासून दुपारचं जेवण इथे." आणि ते जाऊ लागले.

मधल्या काळात त्यांनी एक काम केलं. ती सहा भाषांतली पुस्तिका बाजूला ठेवून, मोठ्या सुबक अक्षरात, आपल्या भाषेत त्यांनी बेचाळीस नगांची माहिती लिहून काढली. कुठली सळई लाकडाची, कुठली लोखंडाची, कुठली भिंतीची. वाट्या कशाच्या, शेपटी कशाची, पट्टी कुठे लावायची. अडलं तिथे वायरमनला विचारलं. त्रेचाळिसावी ओळ गिट्टीची होती, पण ती त्यांनी सगळ्यांत वर लिहिली. वायरमनने तो कागद दुकानात लावला. कुणी ड्रिल विकत घेतलं की तो त्या कागदाकडे बोट दाखवतो.

स्वतःच्या हातात मात्र त्यांनी ड्रिल पुन्हा धरलं नाही.

वर्षभराने सिस्टरचे गुडघे कुरकुरू लागले आणि त्यांनी आपल्या न्हाणीघरात दांडा लावायचं ठरवलं. त्यांनी स्वल्पविरामांनाच आधी विचारलं. ते दारातच दोन पावलं मागे सरले. "मी नाही. वायरमनला बोलवा."

"मग तुम्ही निदान उभे राहा," सिस्टर म्हणाल्या.

ते पेटी घेऊन उभे राहिले. वायरमनने हात मागे केला की त्याला हवी ती सळई ते न विचारता ठेवत. भोकं पडली. धूळ फुंकली. चार गिट्ट्या त्यांनी एकेक करून वायरमनच्या तळहातावर दिल्या आणि प्रत्येक आत पूर्ण गेलेली वाकून पाहिली. स्क्रू पिळले गेले. वायरमनने दांड्याला एक हिसका दिला आणि सामान आवरायला घेतलं.

सिस्टर पुढे आल्या, दांडा धरून त्यांनी अंगाचा भार टाकला. स्वल्पविरामांनी मान फिरवली.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या.

"अजून एकदा ओढा," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

सिस्टरनी ओढला. "घट्ट आहे."

"अजून एकदा."

वायरमनने वर पाहिलं. सिस्टरनी त्याला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पुन्हा ओढला.